विश्लेषण : मतदानासाठी ओळखपत्राची सक्ती हवी का? अमेरिका-ब्रिटनमध्ये वाद, मग भारतात काय घडते आहे?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये निवडणूक प्रक्रियेबाबत जो आदेश काढला, त्याच्या सुरुवातीलाच भारताचा उल्लेख आहे. भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीसाठ्याशी जोडत आहेत, अमेरिका मात्र नागरिकत्वाबाबत मतदाराच्या स्वतःच्या घोषणेवर विसंबून आहे, असा त्याचा आशय. जगातील सर्वात जुन्या लोकशाहींपैकी एकीने सर्वात मोठ्या लोकशाहीचा दाखला द्यावा, याचे अनेकांना अप्रूप वाटले. गंमत अशी की, भारतात मतदार यादीला आधार जोडणे कायद्याने आजही ऐच्छिक आहे. आणि आदेश निघाल्यावर तीनच महिन्यांत बिहारमध्ये, कोणती कागदपत्रे दाखवली म्हणजे मतदार यादीत नाव राहील, यावरून मोठे वादळ उठले. ‘मत द्यायचे तर ओळख दाखवा’ हे ऐकायला सोपे वाटणारे सूत्र प्रत्यक्षात इतके वादग्रस्त का ठरते?

अमेरिकेत ओळखपत्रावरून वाद का?

भारतीय वाचकाला हा वाद सुरुवातीला विचित्रच वाटतो. बँकेत, विमानतळावर, सिमकार्ड घेतानाही ओळखपत्र लागते. मग मत देताना का नको? अमेरिकेतही सर्वसामान्यांचे मत फारसे वेगळे नाही. गॅलप संस्थेच्या २०२४ मधील पाहणीत ८४ टक्के अमेरिकींनी मतदानावेळी फोटो ओळखपत्र असावे, असे मत दिले होते. आज ३६ राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ओळखपत्र मागितले जाते.

अडचण अशी की, अमेरिकेत सर्व नागरिकांना सरकारने दिलेले एकच राष्ट्रीय ओळखपत्र नाही. बहुतेकांसाठी वाहन परवाना हीच ओळख. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्याकडे बऱ्याचदा परवानाही नाही, आणि असे लोक गरीब, वृद्ध, विद्यार्थी आणि कृष्णवर्णीयांमध्ये तुलनेने अधिक. त्यामुळे कोणते ओळखपत्र चालेल आणि कोणते नाही, ही यादी करणे हाच राजकीय निर्णय ठरतो. टेक्सासने २०११ मध्ये केलेल्या कायद्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून ग्राह्य होता, विद्यापीठाचे ओळखपत्र मात्र नव्हते. या कायद्यावर पुढे अनेक वर्षे न्यायालयीन लढाई चालली.

इंडियाना राज्याचा फोटो ओळखपत्राचा कायदा २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. त्या खटल्यात इंडियानात मतदान केंद्रावर दुसऱ्याच्या नावाने मत दिल्याचे एकही प्रकरण नोंदले गेल्याचे समोर आले नव्हते. तरीही निवडणुकीवरचा विश्वास टिकवणे हा राज्याचा रास्त हेतू आहे, असे न्यायालयाने मानले.

सक्तीमुळे गैरप्रकार थांबतात का?

इथे दोन्ही बाजूंचे दावे आकड्यांपुढे थोडे फिके पडतात. कायद्याचे अभ्यासक जस्टिन लेव्हिट यांनी २००० ते २०१४ या काळात अमेरिकेत दिल्या गेलेल्या शंभर कोटींहून अधिक मतांचा माग घेतला. तोतयेगिरीच्या विश्वासार्ह म्हणता येतील अशा घटना त्यांना सापडल्या त्या ३१. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून ओळखपत्राची सक्ती सुचवली जाते, तो रोग तिथे अत्यंत विरळ आहे.

मात्र सक्तीमुळे लाखो लोक मतदानापासून दूर फेकले जातात, हा विरोधकांचा दावाही तितकासा सिद्ध झालेला नाही. एन्रिको कँटोनी आणि व्हिन्सेंट पॉन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ ते २०१८ या दहा वर्षांतील देशभरच्या माहितीचा अभ्यास केला. कडक ओळखपत्र कायद्यांमुळे नोंदणी किंवा मतदानाच्या टक्केवारीत लक्षणीय घट झाली नाही आणि गैरप्रकारांवरही काही परिणाम दिसला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गाजावाजा मोठा, परिणाम किरकोळ!

पण ‘ओळख’ दाखवण्याऐवजी ‘नागरिकत्वाचा कागद’ मागितला की चित्र झपाट्याने बदलते. कॅन्सस राज्याने २०१३ पासून नोंदणीसाठी जन्मदाखला किंवा पासपोर्टसारखा नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा केला. परिणामी सुमारे ३१ हजार अर्जदारांची नोंदणी अडकली. एकूण अर्जदारांत त्यांचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. खटल्यात पुढे आले ते असे की, त्याआधीच्या अनेक वर्षांत यादीत शिरलेल्या परदेशी नागरिकांची संख्या फार तर ३९ होती. न्यायालयाने २०१८ मध्ये हा नियम रद्द केला. ३९ जणांना रोखण्यासाठी ३१ हजारांना दारात उभे करणे, हा हिशेब न्यायालयाला पटला नाही. ट्रम्प यांच्या आदेशातील नागरिकत्वाच्या पुराव्याच्या अटीलाही न्यायालयांनी रोखले.

ब्रिटनचा अनुभव काय सांगतो?

ब्रिटनमध्ये मतदार केंद्रावर जाऊन नाव-पत्ता सांगत असे आणि मतपत्रिका घेत असे. उत्तर आयर्लंडचा अपवाद होता. तिथे १९८५ पासून ओळखपत्र आणि २००३ पासून फोटो ओळखपत्र लागते. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातील २०१४ ची महापौरपदाची निवडणूक गैरप्रकारांमुळे न्यायालयाने रद्द केली आणि फोटो ओळखपत्राच्या मागणीने जोर धरला. बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना २०२२ मध्ये तसा कायदा झाला. मे २०२३ मधील इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत त्याचा पहिला वापर झाला.

तेथील निवडणूक आयोगाच्या माहितीनुसार, त्या निवडणुकीत सुमारे १४ हजार मतदार ओळखपत्राअभावी परत गेले आणि पुन्हा आलेच नाहीत. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हा आकडा सुमारे १६ हजार, म्हणजे केंद्रावर आलेल्यांपैकी ०.०८ टक्के होता. घरातूनच न निघालेल्यांची गणती यात नाही. दुसरीकडे, २०१९ मध्ये ५ कोटी ८० लाखांहून अधिक मते पडली, तेव्हा केंद्रावरील तोतयेगिरीच्या तक्रारी आल्या होत्या ३३.

तिथेही वाद पेटला तो यादीवरून. ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचे रेल्वे सवलत कार्ड चालत नाही, हा भेद का, असा प्रश्न विचारला गेला. मे २०२४ मध्ये खुद्द जॉन्सन ओळखपत्र विसरून मतदानाला गेले आणि त्यांना परत पाठवण्यात आले. आपल्याच सरकारने केलेल्या नियमाचा असा प्रत्यय त्यांना आला. नंतर त्यांनी ओळखपत्र आणून मत दिले. माजी पंतप्रधानाला पुन्हा येणे जमते. दिवसभराच्या पाळीवर जाणाऱ्या कामगाराला ते जमेलच असे नाही. आता बँकेचे कार्डही ओळख म्हणून स्वीकारण्याचा इरादा तेथील सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. सक्ती आणली, आणि मग ती सैल करत नेण्याची वेळ आली.

भारतात फोटो ओळखपत्र कसे आले?

भारतात हा प्रश्न पहिल्या निवडणुकीपासूनच आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी तयार झाली, तेव्हा उत्तरेकडील अनेक महिलांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद झाली. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख महिला यादीबाहेर राहिल्या. ओळख पटवण्याच्या आग्रहाची किंमत कुणाला मोजावी लागते, याचा हा पहिला धडा होता. पुढच्या निवडणुकीपर्यंत हे प्रमाण कमी करण्यासाठी आयोगाला घरोघरी प्रयत्न करावे लागले.

फोटो ओळखपत्राचा पहिला प्रयोग १९६० मध्ये कोलकात्याच्या नैऋत्य लोकसभा मतदारसंघात झाला. महिनोन्‌महिने खटपट करूनही जवळपास साडेतीन लाख मतदारांपैकी सुमारे दोन लाखांनाच कार्डे देता आली. पुरुष छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेण्यास अनेक महिलांनी नकार दिला. प्रयोग गुंडाळला गेला. त्याऐवजी १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी न पुसली जाणारी शाई बोटाला लावण्यास सुरुवात झाली. दुबार मतदान रोखण्याचा हा उपाय स्वस्त होता आणि त्यासाठी मतदाराला घरून काहीच आणावे लागत नव्हते.

मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सर्व मतदारांना फोटो ओळखपत्र देण्याचा आदेश काढला. मुदतीत कार्डे दिली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला. खर्च आणि वेळ यावरून राज्य सरकारांनी हात वर केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर १९९५ च्या महाराष्ट्र, बिहारसह अनेक राज्यांच्या विधानसभा निवडणुका सर्वांकडे कार्डे नसतानाच झाल्या. मात्र ‘एपिक’ नावाने ओळखले जाणारे हे कार्ड पुढे घराघरांत पोहोचले. शेषन यांचा आग्रह टोकाचा होता. पण कार्ड देण्याची सक्ती त्यांनी सरकारवर केली होती, हे विसरता येत नाही.

मतदान केंद्रावर आज नेमके काय तपासले जाते?

पहिला मतदान अधिकारी मतदाराचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. ते ऐकण्यासाठी उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. गावातील माणसे असल्याने तोतया ओळखण्याचे अर्धे काम तिथेच होते. एखाद्या प्रतिनिधीला शंका आली तर दोन रुपये भरून तो मतदाराच्या ओळखीला आव्हान देऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. दुसरा अधिकारी बोटाला शाई लावतो आणि नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो.

एपिक नसेल तरी मतदान करता येते. आधार, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँक किंवा टपाल खात्याचे फोटो असलेले पासबुक, पेन्शनची फोटोसह कागदपत्रे, दिव्यांगांचे ओळखपत्र अशा १२ पर्यायांपैकी एक पुरेसा असतो. कार्डावर नावाच्या स्पेलिंगमध्ये किरकोळ चूक असेल तर तिकडे दुर्लक्ष करावे, अशा सूचना अधिकाऱ्यांना असतात. दुसऱ्या मतदारसंघात दिलेले एपिकही चालते. नाव मात्र त्या केंद्राच्या यादीत हवे. परदेशात राहणाऱ्या आणि प्रवासी मतदार म्हणून नोंद केलेल्या भारतीयाला मात्र मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

आणि मोबाइलमधील डिजिलॉकर? केंद्रात मोबाइल नेण्यास मनाई असल्याने त्याचा उपयोग होत नाही. ही मनाई उठवून डिजिलॉकरमधील कागदपत्रे ग्राह्य धरावीत, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली. केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय करण्याचा निर्णय आयोगाने २०२५ मध्ये घेतला. म्हणजे फोन बाहेर, कागद किंवा कार्ड खिशात, हाच नियम लक्षात ठेवायचा.

आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल तर परत फिरण्याची गरज नाही. मतदाराला ‘टेंडर व्होट’ मागता येते. हे मत यंत्रात न नोंदवता कागदी मतपत्रिकेवर घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. सर्वसाधारण मोजणीत ते धरले जात नाही. निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेल्यास त्याला महत्त्व येते. तोतयेगिरी हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

मग अडचण कुठे आहे?

मतदाराला तीन वेगवेगळे प्रश्न विचारले जाऊ शकतात. तू तोच आहेस का? तुझे नाव यादीत आहे का? आणि तू या देशाचा नागरिक आहेस का? ओळखपत्र यांपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. सार्वजनिक चर्चेत मात्र तिन्ही प्रश्न एकाच पोत्यात भरले जातात. एपिक हातात आहे, पण यादीत नाव नाही, म्हणून परत फिरलेले मतदार प्रत्येक निवडणुकीत दिसतात. त्यांच्यासाठी कार्डाचा उपयोग शून्य.

मोठे गैरप्रकारही आता केंद्राच्या दारात होण्यापेक्षा यादीत होण्याची शक्यता अधिक. कर्नाटकातील आळंद मतदारसंघात २०२२-२३ मध्ये नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांतील केवळ २४ खरे निघाले. बाकी अर्ज दुसऱ्यांच्याच नावाने केलेले होते. आयोगाच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच गुन्हा दाखल केला. म्हणजे मत देताना फोटो लागतो, पण दुसऱ्याचे नाव उडवण्याचा अर्ज करताना तेव्हा तितकी कडक ओळख लागत नव्हती. हे प्रकरण गाजल्यानंतर आयोगाने ऑनलाइन अर्जांसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-स्वाक्षरीची अट आणली.

महाराष्ट्रातही २०२५ चा उत्तरार्ध याच वादात गेला. दुबार आणि बोगस नावांच्या आरोपावरून विरोधी पक्षांनी १ नोव्हेंबरला मुंबईत ‘सत्याचा मोर्चा’ काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका जाहीर करताना राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापण्याचा आणि ते कोणत्या केंद्रावर मत देणार याचे हमीपत्र घेण्याचा मार्ग काढला. यादी दुरुस्त न करता इशाऱ्याची खूण करणारा हा तात्पुरता उपाय होता. दुबार नाव असलेल्या माणसाकडे दोन्ही ठिकाणी खरे ओळखपत्र असू शकते, हे लक्षात घेतले की केवळ कार्डाच्या सक्तीने हा प्रश्न का सुटत नाही ते कळते.

आधार जोडले तर प्रश्न सुटेल?

असे वाटणे स्वाभाविक आहे. मार्च २०१५ मध्ये आयोगाने यादीशी आधार जोडण्याची मोहीम सुरू केली; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे ती थांबली. २०१८ च्या तेलंगण विधानसभा निवडणुकीत यादीतून नावे गायब झाल्याच्या असंख्य तक्रारी आल्या आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी मतदारांची माफी मागितली. दोन माहितीसाठे यंत्राने जुळवताना झालेल्या चुका त्याला कारण होत्या, असा आरोप झाला. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून आधार जोडणीला वाट करून दिली, पण आधार नाही म्हणून नोंदणी नाकारता येणार नाही, असेही त्यात नमूद केले. २०२३ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात ही जोडणी सक्तीची नसल्याचे सांगितले. तोवर ६६ कोटींहून अधिक आधार क्रमांक जमा झाले होते.

शिवाय आधारची स्वतःची मर्यादा आहे. ते रहिवाशाला मिळते. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे त्याचा कायदाच सांगतो. त्यामुळे आधार ‘तू तोच का’ याचे उत्तर चांगले देते, ‘तू नागरिक आहेस का’ याचे देत नाही.

बिहारमध्ये काय झाले?

निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी बिहारमध्ये यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. यादीत तेव्हा ७ कोटी ८९ लाख नावे होती. २००३ च्या यादीत ज्यांचे नाव नव्हते, त्यांना ११ कागदपत्रांपैकी एक देण्यास सांगण्यात आले. त्यात जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला होता. आधार, शिधापत्रिका आणि खुद्द आयोगानेच दिलेले एपिक मात्र नव्हते. ज्या कार्डावर मतदाराने आदल्या वर्षी मत दिले, तेच कार्ड यादीत राहण्यासाठी पुरेसे नाही, हे सामान्य माणसाला समजणे कठीण होते.

आयोगाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानुसार मताधिकार फक्त नागरिकांना आहे. मृत, कायमचे स्थलांतरित आणि दुबार नावे काढणे हे आयोगाचे कर्तव्य आहे. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ६५ लाख नावे कमी झाली. त्यांत सुमारे २२ लाख मृत आणि सुमारे ७ लाख दुबार होते, असे आयोगाचे म्हणणे. मृतांची एवढी नावे यादीत होती, तर शुद्धीकरणाची गरज नव्हती असे कुणालाच म्हणता येणार नाही. वाद पद्धतीचा होता. वगळलेल्यांची नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले. ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधार हे बारावे कागदपत्र म्हणून, पण केवळ ओळखीसाठी, स्वीकारण्याचा आदेश दिला. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे होती.

त्यानंतर ऑक्टोबरअखेर गोव्यासह १२ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी पुनरीक्षण जाहीर झाले, तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यात कागदपत्रे मागायची नाहीत, जुन्या यादीशी नाव जुळले नाही तरच नोटीस द्यायची, अशी पद्धत ठेवण्यात आली. टीका आणि न्यायालयीन सुनावणी वाया गेली नाही, एवढे यावरून दिसते.

कागदाच्या अटीत कोण अडकते?

ज्याच्याकडे पासपोर्ट आहे, ज्याचा पत्ता वीस वर्षांत बदलला नाही, त्याला यातले काहीच जाचत नाही. बीड, अहिल्यानगर, धाराशिवमधून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचे तसे नाही. कर्मचारी पडताळणीला घरी येईल तेव्हा दाराला कुलूप असेल आणि शेजारी ‘बाहेरगावी गेलेत’ एवढेच सांगेल. त्यावरून ‘कायमचे स्थलांतरित’ असा शेरा पडायला किती वेळ लागतो? कायद्यानुसार तात्पुरते बाहेर गेल्याने कुणाचे वास्तव्य संपत नाही. पण ते सांगायला ते कुटुंब गावात असायला हवे ना.

विवाहित महिलांचे दुखणे वेगळे. महाराष्ट्रात लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. अनेक घरांत पहिले नावही बदलले जाई. शाळेचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचे, रेशनकार्डावर तिसरेच. ‘कागद जुळत नाहीत’ हा शेरा त्यांच्या वाट्याला अधिक येतो. अमेरिकेत नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा करणारे विधेयक एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, तेव्हा तिथेही हाच आक्षेप होता: जन्मदाखल्यावर माहेरचे नाव असलेल्या विवाहित महिलांनी काय करायचे? १९५२ मध्ये नाव सांगितले नाही म्हणून महिला वगळल्या गेल्या. आज दोन नावे असल्यामुळे त्या अडचणीत येऊ शकतात.

मग ओळखपत्र हवे की नको?

हवे. भारतात त्याला गंभीर विरोध नाही, आणि त्याचे कारण बायोमेट्रिक माहितीसाठा नाही. कार्ड सरकारने मोफत दिले, ते नसेल तर डझनभर पर्याय ठेवले, किरकोळ चुकीसाठी मतदाराला परत पाठवू नका असे अधिकाऱ्यांना बजावले, म्हणून ही अट पचली. अमेरिकेने भारताचा दाखला द्यायचाच असेल तर तो या व्यवस्थेचा द्यायला हवा. जिथे अट आधी आणि सोय नंतर आली, तिथे वाद झाला, मग ते राज्य टेक्सास असो वा बिहार.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लालबाबू हुसेन प्रकरणात एक तत्त्व घालून दिले आहे. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, ते योग्य प्रक्रियेनेच तिथे आले असे गृहीत धरावे. ते काढायचे असेल तर नोटीस द्यावी आणि म्हणणे ऐकून घ्यावे. म्हणजे संशय घेणाऱ्याने सिद्ध करायचे आहे. या तत्त्वाची दिशा उलटली आणि प्रत्येक मतदाराने पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करायचे असे ठरले, तर यादी कदाचित स्वच्छ दिसेल, पण ती लहान झालेली असेल आणि त्यातून गळालेले बहुतेक जण एकाच आर्थिक थरातील असतील.

चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. अपात्र माणसाचे नाव यादीत राहणे ही एक चूक. पात्र माणसाचे नाव गळणे ही दुसरी. पहिली चूक शोधण्यासाठी पक्ष, त्यांचे प्रतिनिधी, आयोग, न्यायालय असे अनेक डोळे असतात. दुसरी चूक बऱ्याचदा एकाच माणसाला कळते, तीही मतदानाच्या दिवशी, रांगेत तासभर उभे राहिल्यावर. यादी शुद्ध करण्याचे श्रम सरकारने करायचे की त्या माणसाने, हा या वादातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कुठल्याही कार्डावर छापलेले नाही.